भाच्याला मॉरोविंड देऊ की स्कायरिमच खेळू देऊ? आणि एल्डर स्क्रोल्सचं असं का झालं?

सड्यावरचा_देवगड

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

माझी बहीण डोंबिवलीला असते. तिचा मुलगा, आता नववीत जाईल, मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे आलाय. येताना लॅपटॉप घेऊन आला आणि त्यात स्कायरिम, एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेमच्या मालिकेचा पाचवा भाग! मला केवढा आनंद झाला. आमच्या घरात एल्डर स्क्रोल्स माहीत असलेलं दुसरं माणूस आजवर नव्हतं. रात्री जेवणं झाल्यावर खळ्यात बसलो आणि विचारलं, "व्हाइटरनहून रिफ्टनला तू कसा जातोस?"

"नकाशा उघडायचा आणि क्लिक करायचं."

"आणि पहिल्यांदा गेलास तेव्हा?"

"तेव्हा वाट दाखवणारा बाण होता ना, मामा."

पोराने साठेक तास तरी खेळलाय. रिफ्टन कुठल्या दिशेला आहे ते त्याला सांगता येईना. वाटेत काय लागतं तेही नाही. चूक त्याची नाही, त्याला कुणी कधी वाट सांगितलीच नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच सांगतो.

मी देवगड तालुक्यात कुरियर पोचवतो, बारा वर्षं झाली. पाकिटावर नाव असतं, वाडी असते, गाव असतं. घर नंबर घरच्यांनाही ठाऊक नसतो. फोनवरचा नकाशा सड्यावर असेपर्यंत चालतो, खाली वाडीत उतरलं की रेंज जाते. मग माणसांना विचारायचं. परवाच मिठबावच्या बाजूला एका आजीने सांगितलं, "तिठ्यार वड आसा, थयसून डाव्या हाताक पाणंदीन उतर. साकव लागलो काय थांब, वरती चिऱ्याचो गडगो दिसतलो, ताच घर." वड लागला, साकव लागला, गडगा दिसला. आता ते घर मी मेलो तरी विसरणार नाही.

मॉरोविंड असाच होता. २००२चा गेम, माझ्या हाती २००५ला आला, अकरावीत असताना. आतेभावाने मुंबईहून डबा आणला, त्यात सीडी आणि व्हार्डनफेल बेटाचा कागदी नकाशा. बोटीतून सेडा नीनला उतरवतात, एक पुडकं आणि ८७ नाणी हातात देतात आणि सांगतात, बालमोराला जा, साउथ वॉल नावाच्या खाणावळीत कायस कोसॅडेसची चौकशी कर. संपलं. पडद्यावर बाण नाही. दारात एक आख्ख्या घराएवढा किडा उभा, सिल्ट स्ट्रायडर, त्याच्यावर बसून जाता येतं. पण तो आपल्या एसटीसारखा, ठरलेल्या गावांनाच जाणार. पुढचं गाव पाहिजे तर मध्ये उतरून दुसरा धरायचा, नाहीतर बंदरावर जाऊन होडी बघायची. देवगडहून सावंतवाडीला निघालेला माणूस कणकवलीला गाडी बदलतो, त्याला हे समजवावं लागत नाही.

मी मराठी शाळेतला. गेममध्ये सगळं लिहिलेलं, वाचून काढायचं. मांडीवर शब्दकोश घेऊन बसायचो. लोक वाट सांगताना 'फोयाडा' म्हणत, तो शब्द कोशात सापडेना. चार दिवसांनी त्याच जागेत उभा राहिलो तेव्हा उमगलं: लाव्हा वाहून गेलेली कोरडी घळ. आपल्याकडचा उन्हाळ्यातला व्हाळ! मग दोनशे पानी वहीत मी स्वतःचे नकाशे काढायला लागलो. तेव्हा लोडशेडिंग होतं, वीज गेली की कंदिलाशेजारी वही घेऊन पुढची वाट आखायची. वीज यायची वाट बघणं हासुद्धा खेळाचाच भाग झाला होता.

आर्कंगथंडची पेटी आठवते कुणाला? बालमोराबाहेरचा मूनमॉथ किल्ला गाठायचा, ड्वेमर या लुप्त झालेल्या लोकांचा जुना पूल ओलांडायचा, नळावरची कळ फिरवली की डोंगरातलं दार उघडतं. आणि आत एक पेटी शोधायची, हाताएवढी. मला तीन दिवस लागले. ती सापडली तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडलो की आई चुलीपासून उठून आली.

मग २००६ला ऑब्लिव्हियन आला. होकायंत्रावर लाल-हिरवा बाण, पहिल्या मिनिटापासून सगळ्या मोठ्या शहरांवर क्लिक करून उडी. भाले गेले, क्रॉसबो गेले, हवेत तरंगण्याचा मंत्र गेला. माझी पातळी वाढली की रस्त्यावरचे चोरही काचेचं महागडं चिलखत घालून फिरायला लागले. मग मी मोठा झालो म्हणजे नेमकं काय झालं? २०११ला स्कायरिम. त्यात बळ, चपळाई, बुद्धी ही आठही अंगं काढून टाकली. स्वतःचा मंत्र बनवणं गेलं. चार-दोन साधे मंत्र येत असले तरी विंटरहोल्डच्या विद्यापीठाचा प्रमुख होता येतं. मॉरोविंडमध्ये अंगात कसब नसेल तर कुठलाही संघ वरची पायरी देत नसे, आणि टेलवानी जादूगारांच्या अळंब्यांच्या मनोऱ्यांना तर जिनाच नव्हता. तरंगता येत नसेल तर खालीच उभे राहा!

स्कायरिम सुंदर आहे, मी नाकारत नाही. तिथला बर्फ बघून मी तासन्‌तास चाललोय. पण त्यानंतर चौदा वर्षं उलटून गेली, सहाव्या भागाचं २०१८ साली अर्ध्या मिनिटाचं चित्र दाखवलं, डोंगर आणि समुद्र, आणि मग तोच स्कायरिम पुन्हा पुन्हा नव्या वेष्टनात. एप्रिल २०२५मध्ये ऑब्लिव्हियनही नव्या रंगात आला. बाण होता तिथेच आहे.

तर प्रश्न असा. भाचा आणखी अठरा दिवस आहे. त्याला मॉरोविंड लावून देऊ का? की आजच्या पोराला ते झेपणार नाही आणि मालिकेबद्दलचं त्याचं प्रेमच जाईल? आणि दुसरं, मनापासून विचारतो: ही मालिका खरंच उतरली, की मीच सतरा वर्षांचा राहिलो नाही?

काजूबोंड

दादा, मी वेंगुर्ल्याची. शाळेत शिकवते. तुमचं पत्रासारखं लिहिलेलं वाचून मला माझं आठवलं, म्हणून थोडं तुमच्या विरुद्ध लिहिते. राग मानू नका.

मी २०१४ला स्कायरिमपासून सुरुवात केली. त्याआधी आयुष्यात एकही असा गेम खेळले नव्हते. डी.एड. संपलं होतं, नोकरी नव्हती, घरात रोज त्यावरून बोलणं. भावाच्या कॉम्प्युटरवर रात्री अकरानंतर बसायचे. त्या वेळी मला कुणी मांडीवर शब्दकोश घेऊन बसवलं असतं तर मी पहिल्या रात्रीच उठले असते. बाणामुळे मला भीती वाटली नाही. आणि बाण होता तरी मी त्याच्यामागे जायचेच असं नाही. रिव्हरवूडच्या नदीकाठी नुसती फिरायचे, फुलं गोळा करायचे. त्या गेमने मला त्या वर्षात धरून ठेवलं. त्याला मी उतरती कळा कशी म्हणू?

मात्र एक कबूल करते. दुसऱ्यांदा खेळताना मी ठरवून बाण बंद केला. आणि मला पुढे जाताच येईना! कारण तिथली माणसं वाट सांगतच नाहीत. म्हणतात, अमक्या गुहेतल्या दरोडेखोराला मार. गुहा कुठे? ते नकाशावर आपोआप उमटतं. नोंदवहीतही एकच ओळ. म्हणजे बाण काढला की खाली काहीच उरत नाही. तुमची आजी तिथे नाहीच. हे लक्षात आलं तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं.

भाच्याला द्या मॉरोविंड, पण स्कायरिम हलका आहे असं त्याच्यासमोर बोलू नका. त्याचं ते पहिलं आहे.

कातळखोद

रत्नागिरीहून. काजूबोंडताईंनी नेमकी जागा पकडली, तिचं कारण सांगतो.

मॉरोविंडमध्ये बहुतेक संवाद लिखित आहेत. तिथे कुणाच्या तोंडी आणखी चार वाक्यं घालायला लेखकाचा अर्धा तास लागतो. "पुलापलीकडे दोन खडक दिसतील, त्यांच्या मधून उत्तरेला जा" असं लिहिलं की झालं, आणि उद्या ती गुहा हलवली तर वाक्य बदलायचं. ऑब्लिव्हियनपासून प्रत्येक वाक्य नटाच्या आवाजात. रेकॉर्डिंग झालं की गुहा हलवता येत नाही, वाक्य वाढवलं की खर्च वाढतो आणि डिस्कवरची जागाही जाते. मग वाट सांगायचं काम माणसांकडून काढून बाणाकडे दिलं. कुणी दुष्टपणाने केलेलं नाही, एका निर्णयातून दुसरा निघत गेला. तरंगण्याचंही तेच. ऑब्लिव्हियनची शहरं तटबंदीच्या आत स्वतंत्र उघडतात. वरून उडून गेलात तर आत शहरच नाही, म्हणून मंत्र गेला.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. कौशल्यं मोजा: मॉरोविंडच्या आधीच्या डॅगरफॉलमध्ये ३५, मॉरोविंडमध्ये २७, ऑब्लिव्हियनमध्ये २१, स्कायरिममध्ये १८. म्हणजे उतार तुम्हाला नुसता वाटत नाही, तो आहे. पण पहिली पायरी तुमच्या लाडक्या मॉरोविंडचीच आहे, हेही मान्य करा. मी १९९६च्या डॅगरफॉलचा माणूस. त्यात हजारोंनी गावं, बँकेचं कर्ज, वेअरवुल्फ होण्याचा शाप, राक्षसांच्या भाषाही शिकता यायच्या. मॉरोविंड आला तेव्हा आम्ही म्हणालो, एकच बेट? एवढंसं? आज मी मॉरोविंडसमोर हात जोडतो. डॅगरफॉलची गावं यंत्राने पाडलेली, एकासारखी दुसरी. मॉरोविंडचा प्रत्येक दगड कुणीतरी हाताने ठेवलेला आहे.

आणि लोक म्हणतात जुनी माणसं गेली म्हणून बिघडलं. मॉरोविंडचा प्रकल्पप्रमुख टॉड हॉवर्डच होता, स्कायरिमचा दिग्दर्शकही तोच. माणूस तोच, वेळ वेगळी. १९९७-९८ला ही मालिका बनवणाऱ्या बेथेस्डाचे दोन गेम पडले होते, कंपनी बुडायच्या बेताला आली होती. गमावण्यासारखं काही नव्हतं म्हणून अळंब्यांची घरं आणि किड्यांच्या गाड्या काढायचं धाडस झालं. स्कायरिमच्या ६ कोटींहून जास्त प्रती गेल्यावर ते धाडस कोण करणार? मला सहाव्या भागाची काळजी वाटते ती इथे.

आमच्या इथल्या कातळशिल्पांचं बघा. कशेळीचा तो प्रचंड हत्ती सड्यावर उघडा पडलेला, पण गुराख्यांशी बोलल्याशिवाय अशा जागा कळत नव्हत्या. आता पाट्या लागल्या, ते योग्यच आहे, शिल्पं जपली जातील. पण मी तिथे पाटी नसताना गेलो होतो आणि तो दिवस वेगळाच होता. तुमचं दुःख मला त्या बाजूने कळतं.

भाच्यासाठी: मूळ गेम घ्या आणि तो ओपनएमडब्ल्यू या मुक्त इंजिनावर चालवा. नव्या लॅपटॉपवर नीट चालतो, दूरवरचं दिसतं. टॅमरिएल रिबिल्ट या हौशी प्रकल्पाची माणसं वीस वर्षांहून जास्त काळ, एक पैसा न घेता, बेटापलीकडची मुख्य भूमी बांधत आहेत, वाटा सांगणाऱ्या माणसांसकट. मालिका संपली असं वाटेल तेव्हा ते बघा. पण पहिल्या दिवशी नको, गोंधळेल.

आंबेरी_तर

मी कुडाळचा, वय १९, म्हणजे भाच्याच्या जवळचा. मी मॉरोविंड दोन तासांत सोडला होता. कारण बाण नव्हता म्हणून नाही. खेकड्याला वीस वेळा वार केले आणि एकही लागला नाही म्हणून. समोर तलवार त्याच्यातून जाताना दिसते आणि गेम म्हणतो चुकली.

नंतर मित्राने सांगितलं ते इथे सांगतो, कारण जुने लोक हे सांगायला विसरतात. वार लागणं आतल्या फाशांवर आहे. सुरुवातीला टेबलावर मिळतो तो लोखंडी खंजीर, तो शॉर्ट ब्लेड या कौशल्यात येतो. तुम्ही पात्र बनवताना लाँग ब्लेड निवडलं असेल तर खंजिराने काहीच होणार नाही. आणि हिरवी पट्टी, दमाची. सगळे नवीन लोक धावत सुटतात, धावल्याने दम जातो, दम गेला की वार लागत नाहीत. लढाईआधी उभं राहायचं, दम भरू द्यायचा. एवढं कळलं आणि मी पुढे नव्वद तास खेळलो.

सक्ती करू नका एवढंच. आमच्या काकांनी मला त्यांची आवडती पुस्तकं अशीच दिली होती, प्रत्येक पानानंतर "कसं वाटलं?" मी आजपर्यंत ती पूर्ण केलेली नाहीत.

सड्यावरचा_देवगड

सगळ्यांचे आभार. काजूबोंडताई, तुमचं वाचून मी गप्प बसलो होतो. भाच्याला मी त्या रात्री "हा काय खेळ आहे?" असं बोलून गेलो होतो. सकाळी त्याला म्हटलं, चुकलो. कातळखोद, डॅगरफॉलचं मान्य. मला ते आधीपासून ठाऊक होतं, पण कबूल करायला जड जात होतं.

लावून देतो. कुडाळच्या भावाने सांगितलेलं दमाचं पहिल्यांदा सांगतो, बाकी तोंड बंद ठेवतो. कळवतो.

सड्यावरचा_देवगड

पंधरा दिवसांनी लिहितोय. आंब्याच्या पेट्यांचे शेवटचे दिवस होते, श्वास घ्यायला वेळ नव्हता.

पहिल्या दिवशी तो सेडा नीनमध्येच हिंडला. बाहेरच्या रस्त्यावर आकाशातून एक जादूगार किंचाळत पडतो, तो त्याच्यासमोर पडला. त्याच्या अंगावरचे उडीचे मंत्र घेऊन याने लगेच वापरले, उंच गेला आणि मेला. अर्धा तास हसत होता. मी म्हटलं लागला खेळाला. दुसऱ्या दिवशी किड्यावर न बसता चालत बालमोराला निघाला, फाट्यावर पाटी नीट वाचली नाही आणि भलतीकडे गेला. उडते क्लिफ रेसर मागे लागले. लॅपटॉप बंद करून म्हणाला, "मामा, हे मुद्दाम त्रास देतात." दोन दिवस पुन्हा स्कायरिम लावला. मी काही बोललो नाही. ते दोन दिवस मला फार जड गेले.

तिसऱ्या दिवशी पाऊस पडला, वळवाचा, संध्याकाळी वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी होती, पण तो माझ्या जुन्या वहीशी बसलेला. माझ्या आईने कधी काढून दिली कोण जाणे. त्यात मी २००५ला लिहिलेलं: 'पेलाजियाड सोडल्यावर उत्तरेला. किल्ला दिसला की डावीकडे नदी. पूल.' किल्ल्याचं चित्र मी आमच्या विजयदुर्गासारखं काढलेलं. तो म्हणाला, "तुम्ही हे सगळं हाताने लिहिलंत?" मग शेजारच्या कोऱ्या पानावर त्याने स्वतःचं लिहायला सुरुवात केली, चुकलेल्या फाट्यापासून.

बालमोराला पोचला. कायसला पुडकं दिलं. आर्कंगथंडच्या दारासमोर वीस मिनिटं उभा होता, कळ सापडेना, मी मागे ओट्यावर पेट्यांना चिकटपट्ट्या लावत बसलो होतो आणि ओठ दाबून धरले होते. सापडली. आत पेटी मात्र नाही सापडली.

सहाव्या भागाबद्दल माझं म्हणणं आता थोडं बदललंय. बाण असू दे. ताईंसारख्या माणसाला तो लागतो. पण ज्याला बंद करायचा आहे त्याच्यासाठी गावात एक तरी माणूस वाट सांगणारा ठेवा. नटाच्या आवाजात नसलं तरी चालेल, लिहून ठेवा. आम्ही वाचू. सगळ्यांनी सगळं ऐकलंच पाहिजे असं मी म्हणत नाही, पण ज्याला विचारायचंय त्याला उत्तर मिळायला हवं. हे इंग्रजीत नीट लिहून त्यांना पाठवायचंय, कुणी मदत केलीत तर उपकार होतील. कातळखोद, तुम्ही?

काल रात्री भाच्याला तुतारी एक्सप्रेसला बसवायला कणकवलीला गेलो. वही त्याच्या पिशवीत होती. गाडी हलायला लागली तेव्हा खिडकीच्या गजांतून ओरडला, "मामा, पेटी जमिनीवर आहे की वर कुठे?"

"फळीवर," मी म्हटलं. तेवढंच सांगितलं.